हाफ, फुल आणि सोळा औंस

आमची रसवंती फलटणच्या एसटी स्टँडबाहेर होती. नाव अर्थातच कानिफनाथ. आमच्या पुरंदर तालुक्यातली माणसं चरक घेऊन गावोगाव गेली आणि जाताना बोपगावचा कानिफनाथ पाटीवर घेऊन गेली, त्यातलेच आम्ही. महाशिवरात्र झाली की अण्णा फलटणला जायचे, ते मृगाच्या पावसाला परत. माझी मे महिन्याची सुट्टी त्या पत्र्याच्या शेडमध्ये जायची. काम म्हणजे ग्लास विसळणं, चिपाडं मागे नेऊन टाकणं आणि 'दोन फुल, एक हाफ, बिगर बर्फ' असं ओरडणं.

१९९६ च्या उन्हाळ्यात ऊसही महागला आणि बर्फाची लादीही. पलीकडच्या लस्सीवाल्यानं आठ आणे वाढवले आणि आठवडाभर रोज भांडणं ओढवून घेतली. अण्णांनी भाव वाढवला नाही. ते एक दिवस पुण्याला गेले आणि बोहरी आळीतून काचेच्या ग्लासांची दोन खोकी घेऊन आले. उंची तीच, तोंडाचा घेर तोच, अंगावरच्या रेघाही तशाच. बूड मात्र जाड. इतकं जाड, की रिकामा ग्लासही हाताला भरल्यासारखा लागायचा.

मी दहा वर्षांचा, चौथीची परीक्षा नुकतीच दिलेली, मापं-वजनं डोक्यात ताजी. दुधाचं पाव लिटरचं माप घेतलं, पाण्यानं भरलं आणि ओतून बघितलं. जुन्या फुलमध्ये माप पुरतं रिकामं होत होतं. नवा काठोकाठ भरला तरी मापाच्या तळाशी चांगले दोन घोट राहत होते.

"अण्णा, आपण लोकांना फसवतोय."

अण्णा ऊस तासत होते. वर न बघता म्हणाले, "भाव वाढवला असता तर भांडायला आले असते. आता बघ कोण येतंय."

कोणी आलं नाही. म्हणजे एक आला, बारामती गाडीचा कंडक्टर. रस पिऊन झाल्यावर त्यानं ग्लास उलटा केला, बुडावर अंगठा दाबला आणि म्हणाला, "मालक, ह्याचं बूड सुजलंय काय?" अण्णांनी काही न बोलता त्याला वरून अर्धा ग्लास ओतला. त्या अख्ख्या सीझनला रोज ओतला.

मला ह्यात फक्त लबाडी दिसत होती आणि ती होतीच, आज कशाला झाकू. पण अण्णांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. ग्लास लहान झाला म्हणून कुणी दुसरा मागितला नाही. ऊन तेच, तहान तीच, आणि माणसं आधीपेक्षा कमी रस पिऊन तितक्याच समाधानानं मिशा पुसत गाडीत जाऊन बसत होती. "गिऱ्हाईक रस पीत नाही रे," अण्णा म्हणायचे, "गिऱ्हाईक ग्लास पितं."

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवलं ते सोळा वर्षांनी, न्यूयॉर्कमध्ये.

२०११ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला तिकडे गेलो. क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला चौघांत एक फ्लॅट होता. पुढच्या जानेवारीत ७ नंबरच्या ट्रेनमध्ये शहराच्या आरोग्य खात्याचं एक पोस्टर लागलं. लहान, मोठा, त्याहून मोठा असे थंड पेयाचे ग्लास ओळीनं आणि त्यांच्यामागे स्टुलावर बसलेला एक जाड माणूस, एक पाय कापलेला. पेले वाढत गेले तसा मधुमेह वाढत गेला, असा मजकूर. काही दिवसांनी पेपरात बातमी, की त्या माणसाचे दोन्ही पाय शाबूत आहेत, तो मॉडेल आहे आणि एक पाय कॉम्प्युटरवर पुसलाय. आमच्या फ्लॅटमध्ये दोन रात्री त्यावर खिदळणं चाललं. मीही हसलो, पण जरा कमी. आमच्या धाकट्या काकांचा उजव्या पायाचा अंगठा शुगरनं गेला होता आणि तो कुणी कॉम्प्युटरवर पुसला नव्हता.

तिथल्या थिएटरात पहिल्यांदा गेलो तो प्रसंग लख्ख आठवतो. काउंटरवर स्मॉल, मीडियम, लार्ज असे तीन रिकामे ग्लास नमुन्याला ठेवलेले. मी आपला स्मॉल मागितला. पोरगी म्हणाली, अजून पाऊण डॉलर टाकलात तर लार्ज मिळेल. आता पाऊण डॉलरमध्ये दुप्पट माल सोडेल तो रसवंतीवाल्याचा मुलगा कसला! लार्ज म्हणजे बेचाळीस-चव्वेचाळीस औंस, सव्वा लिटरच्या घरातली बादली. दोन्ही हातांनी धरून आत नेली. मध्यंतर नसतं तिकडे. सिनेमाचा शेवट मी पाहिलेला नाही.

आणि त्याच मे महिन्याच्या शेवटी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं, की शहरातल्या हॉटेलांत, थिएटरांत, स्टेडियममध्ये आणि हातगाड्यांवर साखरेचं पेय सोळा औंसांपेक्षा मोठ्या भांड्यात विकायचं नाही. सोळा औंस म्हणजे ४७३ मिली. मोडेल त्याला २०० डॉलर दंड. कुणाला जास्त प्यायचं असेल तर त्यानं दोन ग्लास घ्यावेत, त्याला मनाई नाही.

बोंब उठली. पेपरात पानभर जाहिरात आली, तिच्यात ब्लूमबर्गना बायकी झगा घालून 'आया' केलेलं. आमचा नागपूरचा रूममेट फ्रिजसमोर उभा राहून म्हणाला, "अबे, माह्या गिलासात सरकार कायले हात घालून राह्यलं बे?" बाकी दोघांनी टाळ्या दिल्या. मीसुद्धा दिली. माझी कारणं मात्र वेगळी होती. फलटणला दर एप्रिलला एक साहेब यायचे. फुल ग्लास प्यायचे, पैसे द्यायचे नाहीत आणि जाताना 'उसावर झाकण नाही' म्हणून पावतीपुस्तक नुसतं दाखवायचे. अण्णा मग गल्ल्यात हात घालायचे. नियम चांगला असला तरी तो पोहोचतो गाडीवाल्यापर्यंतच, हे मला चौथीपासून ठाऊक होतं.

आणि न्यूयॉर्कचा नियम वाचत गेलो तसं तेच दिसायला लागलं. हातगाडीवाल्याला सोळा औंस. पण कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमधला ३२ औंसांचा बिग गल्प मोकळा! का, तर तसली दुकानं शहराच्या नव्हे, राज्याच्या अखत्यारीत. निम्म्याहून जास्त दूध असेल तर नियम लागू नाही, म्हणजे आमच्या गल्लीतली मँगो लस्सी सुटली. नियम होता वरून साखर घालून गोड केलेल्या पेयांसाठी. उसाच्या रसात वरून काय घालणार? आमच्या भागात लॅटिन अमेरिकी लोक तो विकायचे, ग्वारापो म्हणतात त्याला. मी लावलेल्या अर्थानुसार तोही सुटत होता. मी अण्णांना फोनवर सांगितलं, की इथल्या सरकारच्या हिशेबानं आपला रस गोड नाही. ते बराच वेळ हसले.

पण टाळी देताना माझ्या मनात एक खडा होता. 'दोन ग्लास घेतील की लोक, उपयोग काय?' हे जो तो म्हणत होता. टीव्हीवर म्हणत होते, वर्गात म्हणत होते. मला मात्र ९६ चा उन्हाळा दिसायला लागला. घेत नाहीत हो दुसरा! शंभरातले पाच घेत असतील. दुसरा घ्यायचा म्हणजे पुन्हा उठायचं, रांगेत उभं राहायचं, खिशात हात घालायचा आणि सगळ्यात अवघड म्हणजे 'मला अजून पाहिजे' हे स्वतःशी कबूल करायचं. बादलीत मात्र सगळं आधीच हातात असतं. पुढे 'भांडं मोठं तर खाणं जास्त' या विषयावर नाव कमावलेल्या कॉर्नेलच्या एका प्राध्यापकाचे कितीतरी निबंध मागे घ्यावे लागले, २०१८ मध्ये त्यांनी राजीनामाही दिला. म्हणून तो विचारच खोटा ठरला नाही. त्याआधी २०१५ मध्ये डझनावारी प्रयोग एकत्र तपासून दुसऱ्या संशोधकांनीही तोच निष्कर्ष काढला होता. मला विचाराल तर मी फलटणवर विसंबतो.

'माझा ग्लास, माझी मर्जी' हे ऐकायला छान आहे. पण त्या थिएटरात माझी मर्जी स्मॉलची होती. ती पाऊण डॉलरनं फिरवली. सव्वा लिटर हा आकडा मी ठरवला नव्हता, माझ्या तहानेनंही नाही. कुण्या कंपनीच्या ऑफिसात, अण्णांसारख्याच कुणीतरी, फक्त उलट्या दिशेनं बूड पातळ करून तो ठरवला होता. कोका-कोलाची सुरुवातीच्या काळातली ठरीव बाटली साडेसहा औंसांची होती, १९२ मिली. आपल्याकडची काचेची छोटी बाटली २०० मिलीची, म्हणजे जवळजवळ तीच. तिथून बादलीपर्यंत अमेरिकन माणसाची तहान सहापट झाली असं कुणी म्हणेल का?

आता साखर मोजू. कोकच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम. त्या हिशेबानं सोळा औंसांत ५२. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की वरची साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साधारण मोठ्या माणसाला पन्नास ग्रॅम. थोडक्यात, ज्या ग्लासावरून एवढी रणं माजली, तो 'लहान' ग्लासच दिवसाचा कोटा संपवत होता. (उसाच्या रसाचं विचाराल, तर मिलीमागे साखर कोल्ड्रिंकपेक्षा कमी नसते, थोडी जास्तच भरेल. रसवंतीवाल्याच्या मुलाकडून एवढा प्रामाणिकपणा पुरे.)

१३ सप्टेंबर २०१२ ला शहराच्या आरोग्य मंडळानं नियम मंजूर केला. १२ मार्च २०१३ ला तो लागू व्हायचा होता. ११ मार्चला न्यायाधीश मिल्टन टिंगलिंग यांनी तो अडवला, मनमानी आहे म्हणून. सुटणारी दुकानं आणि सुटणारी पेयं यांची यादी त्यांनी बरोबर पकडली. त्याच महिन्यात मिसिसिपी राज्यानं कायदाच केला, की आमच्या कुठल्या गावानं वा जिल्ह्यानं असले ग्लास मोजायचेच नाहीत. पुढे २६ जून २०१४ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध २ अशा मतांनी प्रकरण संपवलं. महापौरांनी नेमलेलं मंडळ असा नियम करू शकत नाही, हे निवडून आलेल्या नगर परिषदेचं काम, असं म्हणून. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की दोन्ही कोर्टांचं बरोबर होतं. आणि ग्लासाबाबत ब्लूमबर्गचं बरोबर होतं.

या दोन तारखांच्या मधे, २०१३ च्या डिसेंबरात, मी सुट्टीवर आलो. जाताना बासष्ट किलो होतो, आलो तेव्हा एकोणऐंशी. सगळा दोष कोल्ड्रिंकला द्यायचा नाही. रात्री दोनचा पिझ्झा होता, थंडीत घराबाहेर न पडणं होतं. पण लायब्ररीच्या तळघरात वीस औंसांच्या बाटल्यांचं मशीन होतं, एका बाटलीत ६५ ग्रॅम साखर. प्रबंधाच्या दिवसांत मी रोज दोन रिचवायचो. आईनं दारातच तुकडा ओवाळताना म्हटलं, "खाल्लेलं अंगी लागलं गं बाई." अण्णा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मला बोपगावला घेऊन गेले. कानिफनाथाचं दार ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. गाभाऱ्यात जायला भिंतीत एक छोटी चौकट आहे, शर्ट काढायचा, आडवं व्हायचं आणि सरपटत आत शिरायचं. लहानपणी मी मासळीसारखा जायचो. ह्या वेळी डोकं गेलं, खांदे गेले आणि पोटाशी अडकलो. मागे रांग. आतून पुजारी शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, श्वास सोडा. पूर्ण सोडा. आता या." छातीला दगड खरवडला, पण गेलो. बाहेर आलो तेव्हा अण्णा पायरीवर बसून माझा शर्ट मांडीवर घेऊन हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दाराच्या मापाविरुद्ध अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही, असं नंतर नागपूरच्या रूममेटला मी सांगितलं. तो म्हणाला, देवाले मतं मागाची नसतात बे.

२०१६ ला पुण्यात परत आलो. इथं मापाचा प्रश्न वेगळ्या बाजूनं येतो. वीसेक वर्षांपूर्वी 'ठंडा'च्या जाहिरातीत आमिर खान पाच रुपयांची छोटी बाटली विकत होता. ती आपल्याकडची खरी मर्यादा, खिशानं घातलेली. आता खिसा सैल झालाय. दोन-सव्वादोन लिटरच्या बाटल्या वाढदिवसाला ओळीनं उभ्या असतात आणि भाऊबीजेला ताटाशेजारी. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीनं सांगितलं, की देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. अण्णा त्यांतले एक, काकांच्या पाठोपाठ.

सरकार कर लावतं, नाही असं नाही. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के सेस होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून एकच सरळ ४० टक्के. नव्या दराची केवढी चर्चा झाली, आणि बेरीज तीच! पण हा कर किमतीवर आहे. मोठी बाटली मिलीमागे स्वस्त, म्हणजे तिच्यावरचा करही मिलीमागे कमी. आणि बिनसाखरेच्या कोल्ड्रिंकलाही तेवढाच. मग कंपनी साखर कमी कशाला करेल? मेक्सिकोनं २०१४ ला लिटरमागे एक पेसो लावला. ब्रिटननं २०१८ ला साखरेच्या ग्रॅमवर पायऱ्या केल्या, शंभर मिलीला पाच ग्रॅमच्या आत राहिलात तर कर माफ. तिथल्या बऱ्याच कंपन्यांनी कर भरण्याऐवजी गुपचूप साखर उतरवली. गिऱ्हाईक तेच पीत राहिलं. अण्णांचीच विद्या.

मला विचाराल तर माप बांधावं. पिणाऱ्यावर नाही, विकणाऱ्यावर. थिएटर, मॉल, हायवेवरचे फूड कोर्ट, सगळ्यांना सारखं, आणि कुणा मंडळानं नव्हे, सभागृहात हात वर करून. निदान एवढं तरी, की लहान ग्लास ठेवलाच पाहिजे आणि तो मिलीमागे महाग विकता येणार नाही. रसवंतीही त्यात घ्या. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "घेऊ दे की. आपला फुल त्यांच्या स्मॉलच्या खिशात मावतोय." पावतीपुस्तकवाल्या साहेबांचं काय करायचं, ह्याचं उत्तर मात्र आम्हा दोघांकडेही नाही.

गेल्या महिन्यात मुलाच्या हट्टापायी सगळे सिनेमाला गेलो. अण्णा पंचाहत्तर वर्षांचे, मॉलच्या सरकत्या जिन्यावर अजून माझा दंड धरतात. मध्यंतरात (आपल्याकडे असतं, देव भलं करो) काउंटरवर पॉपकॉर्नचा कॉम्बो मागितला. पोरगा म्हणाला, "सर, कॉम्बोमध्ये लार्जच येतं. सुटं स्मॉल घेतलंत तर वीस रुपये जास्त पडतील." मुलगा माझ्याकडे बघतोय, मागे रांग. मी पाऊण डॉलरवाल्या पोरीची आठवण काढत उभा.

अण्णा पुढे झाले. काउंटरवर दोन्ही हात टेकवले आणि म्हणाले, "हाफ नाय का?"

"काय आजोबा?"

"हाफ. पोराला हाफ पुरे."

पोराला कळेना. त्यानं नमुन्याचा रिकामा ग्लास उचलून दाखवला, की हे असं असतं बघा. अण्णांनी तो त्याच्या हातातून घेतला, उलटा केला आणि कागदी बुडावर अंगठा दाबला. बूड आत गेलं.

"पातळ आहे," ते मला म्हणाले.